सिंगारमनं पंचा उचलला तेव्हा

ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं नाव सिंगारम. कधी झाला तेही सांगते: मी अकरावीत होते त्या वर्षी, दिवाळीच्या आदल्या शनिवारी, सकाळी सहा वाजून बेचाळीस मिनिटांनी. मिनिटांपर्यंत सांगता येतं, कारण फोटो काढला की कॅमेरा वेळ लिहून ठेवतो, आणि तो फोटो मी काढला. अन्याय कुणी केला तेही सांगणार आहे. पण ते एका ओळीत उरकलं तर तुम्ही 'अरेरे' म्हणाल आणि पान उलटाल. म्हणून आधी घर सांगते. या गोष्टीची तमिळ पत्रकं मी तीनदा काढली, तिन्ही वेळा बसस्टँडवर उभी राहून स्वतः वाटली. हे मराठीत लिहिते आहे ते आपल्या लोकांसाठी, कारण कात्री आपल्या घरात चालली.

तंजावूरच्या मेलवीदीत खाली सेतुकाकाचा फोटो स्टुडिओ आणि वर आम्ही. काका म्हणजे अप्पांचा धाकटा भाऊ. अप्पा शाळेत गणित शिकवायचे, काका लग्नं काढायचा. अप्पा घरात असले की घर गप्प आणि काका आला की घरात बाजार, अशी विभागणी होती. पहाटे आधी आईचा ग्राइंडर घरघरायचा, मग शेजारच्यांच्या रेडिओवर नादस्वर, मग खालून काकाच्या प्रिंटरची खरखर, आणि या सगळ्यावर टाउन बसचा हॉर्न. आम्ही आपसात मराठी बोलायचो. दार उघडून भाजीवालीला हाक मारताना तमिळ व्हायचो आणि दार लावलं की परत मराठी. पुण्याचे पाहुणे आमचं बोलणं ऐकून हसायचे. आई त्यांच्यासाठी उडदाचं पीठ भाजून दह्यात कालवायची, वरून तांबड्या मिरचीची फोडणी द्यायची. ते डांगर ताटात पडलं की त्यांचं हसू थांबायचं, कारण तोंड भरलेलं असायचं. आमच्या देवघरात सरस्वतीचं एक जुनं चित्र होतं, सोन्याच्या वर्खाचं, पायाशी पांढरा हंस. काका म्हणायचा, "सगळ्या तंजावुरात हंस रंगवणारे शंभर आहेत गं मंजे. खरा हंस पाहिलेला एक नाही."

खरे हंस दाखवायला त्यानंच मला नेलं. हे मान्य करायलाच हवं, आणि मला ते मान्य करायला आवडत नाही. मला कॅमेरा धरायला त्यानं शिकवलं. त्याचा जुना कॅमेरा माझ्या गळ्यात, नवा त्याच्या, आणि शनिवारी पहाटे आम्ही दोघं त्याच्या स्कूटरवरून पापनाशमच्या रस्त्याला लागायचो. मग डावीकडे भातखाचरांतून आत, तिथं ते तळं. मोठ्या तळ्याला इकडे एरी म्हणतात. काकू जिन्यात उभी राहून दर वेळी तेच बोलायची, "बदकं बघायला पहाटे उठते, शाळेला मात्र हिला उठवावं लागतं. तुम्ही हिला पक्षी दाखवा, हिला बघायला कोण येणार ते मी बघते." काका किक मारत म्हणायचा, "पक्ष्यांना जात लागत नाही, पत्रिका लागत नाही. तूच एखादा बघ तिच्यासाठी."

हंस म्हणजे चित्रातला लांब मानेचा पांढराशुभ्र हंस नव्हे, हेही सांगून टाकते. तो आमच्याकडे येत नाही. येतो तो राजहंस, राखाडी अंगाचा. डोकं पांढरं आणि मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, जसं कुणी काजळाचं बोट दोनदा ओढलं असावं. हिमालयाच्या पलीकडून येतात. ऐप्पसीच्या, म्हणजे आपल्या आश्विन-कार्तिकाच्या, पावसानं एरी भरली की पहिला थवा उतरतो. रात्रभर खाचरांत चरतात आणि उजाडता उजाडता पाण्यावर विसाव्याला येतात. दिसण्याआधी त्यांचा आवाज येतो, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. तो आवाज सगळ्यांत आधी सिंगारमला यायचा.

सिंगारम त्या एरीचा राखणदार, एरीकाठच्याच गावचा. अभयारण्याच्या कचेरीनं ठेवलेला, हंगामी. हंगामी म्हणजे एकोणीस वर्षं हंगामी. खाकी शर्ट स्वतःचा, सायकल स्वतःची, आणि खांद्यावर पांढरा पंचा. काकाला तो 'स्टुडिओ सार' म्हणायचा, मला 'पाप्पा', म्हणजे छोटी मुलगी. पहिल्या शनिवारी माझा कॅमेरा खटखटला तसा तो वाकून कानाशी कुजबुजला, "पाप्पा, याला खोकला झालाय का?" आणि खांद्यावरचा पंचा काढून त्यानं कॅमेऱ्याला गुंडाळला, फक्त काच उघडी ठेवून. पुढचे सगळे शनिवार माझा कॅमेरा त्याच्या पंच्यात बसून फोटो काढत होता. आठ वाजले की बांधावर बसून तो डब्यातला पाण्यातला भात आणि ताकातली मिरची खायचा. मी आईचा दहीभात त्याच्यापुढे करायचे. तो एक घास घ्यायचा आणि म्हणायचा, "तुमची माणसं दह्यात साखर टाकतात. राजे होता ना." मी सांगायचे, आई साखर टाकत नाही. तो म्हणायचा, "मग राज्य कशानं गेलं?"

आता त्या गावाची रीत सांगते. ती नीट ध्यानात ठेवा, सगळं तिच्यावरच आहे. एरीकाठचं ते गाव पक्षी असेपर्यंत आवाज करत नाही. कुणी पाटी लावलेली नाही, कुणी दंड करत नाही. त्यांच्या आजोबांच्या आजोबांपासून दिवाळीला फटाका नाही, पोरांच्या हातात फक्त फुलबाज्या. लग्नाची वरात बांधावर आली की ताशेवाले काठ्या काखेत घालून चालतात. आणि बांधावर कुणी कुणाला हाक मारत नाही. हाक म्हणजे पंचा. दंडावर टाकलेला पंचा म्हणजे ये. दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरलेला आणि अजिबात न हलवलेला पंचा म्हणजे आहेस तिथं थांब. हलवायचा नाही, कारण हलला तर पक्षी उठतात. शेळ्या राखणाऱ्या बायकासुद्धा पदर तसा धरायच्या आणि शंभर पावलांवरचा माणूस पाय रोवून उभा राहायचा. मी शहरातली, मला आधी हसू आलं. सिंगारम म्हणाला, "हसताना पण तोंड मिटून हस."

त्या वर्षी काकाला शहरातल्या एका सराफाच्या कॅलेंडरचं काम मिळालं होतं. सराफाला मुखपृष्ठावर हंस हवे होते, आणि उडणारे हवे होते. दोन शनिवार आम्ही गेलो, हंस बसलेले. कुणी मान पंखात घातलेली, कुणी नुसतं पाण्यावर तरंगत. काका चरफडत होता. "बसलेला हंस म्हणजे बदक. लोक म्हणतील, सराफानं कॅलेंडरवर बदक छापलं." सिंगारम म्हणाला, "सार, हिमालय ओलांडून आलीत. बसू दे की." काका हसला. मला ते हसणं आवडलं नव्हतं, असं आज लिहावंसं वाटतं. पण ते खोटं आहे. मी काकाबरोबर हसले होते.

तिसऱ्या शनिवारी निघताना काकानं स्कूटरच्या डिकीत कागदाचं पुडकं टाकलं. मी पाहिलं. लक्ष्मी छाप लाल कागद, आत फटाके. दिवाळी आठवड्यावर आली होती, घरात फटाके येतातच. मी विचारलं नाही. एरीवर पोचलो तेव्हा धुकं उठत होतं, आणि पाण्यावर जितके कधी पाहिले नव्हते तितके हंस होते, नवा थवा आदल्या दिवशीच उतरलेला. सिंगारम बांधाच्या वळणावर उभा राहून मोजत होता. रोज मोजायचा, ओठ हलवत, आणि आकडा वहीत लिहायचा. मी गुडघ्यावर बसले, कॅमेरा डोळ्याला लावला. मोठा देखावा येण्यासाठी रुंद भिंग लावलं होतं, त्यात बांधसुद्धा येत होता. डाव्या कोपऱ्यात काका वाकलेला दिसला. त्याच्या हातात उदबत्ती होती. उदबत्ती! मला वाटलं, देवाला लावतोय. अर्धा क्षण खरंच तसं वाटलं. मग सिंगारम धावत त्या बाजूला आला, थबकला, आणि दोन्ही हातांनी पंचा डोक्यावर ताणून उभा राहिला. तोंड मिटलेलं. पंचा स्थिर.

गावातला कुणीही असता तर थांबला असता. काका गावातला नव्हता.

आवाज झाला. एरीवर असा आवाज त्या गावातल्या जिवंत माणसानं ऐकलेला नव्हता. सगळं पाणी एकदम उभं राहिलं, म्हणजे हंस उठले, पण मला पाणीच उभं राहिल्यासारखं दिसलं. आणि माझं बोट थांबलं नाही. हे मी कुणावर ढकलणार नाही. मी दाबत राहिले. नंतर काका धावत आला, माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पाहिला आणि मला उचलून गरकन फिरवलं. "मंजे, माझा एकही नाही आला! तुझा आला! तुझा!" सिंगारम लांब उभा होता. पंचा अजून वरच होता. आता थांबवायला कुणी उरलं नव्हतं, तरी त्याचे हात खाली येईनात.

हंस परत उतरले नाहीत. त्या दिवशी नाही, त्या हंगामात नाही.

कॅलेंडर पोंगलच्या आधी घरोघर गेलं. काकानं फोटोचा डावा भाग कापला होता, म्हणजे स्वतःची वाकलेली पाठ, उदबत्ती आणि निळसर धूर. उरलं ते असं: आकाशभर हंस आणि खाली एक माणूस, दोन्ही हातांनी पांढरं वस्त्र उंचावलेला. खाली सोनेरी अक्षरांत ओळ होती, 'हंसांचं स्वागत'. आपल्या तंजावूरच्या मराठी मंडळींत तर त्याची धूम झाली. समाजाच्या हळदीकुंकवात मला बोलावून नारळ दिला, शाल दिली. 'आपल्या मुलीनं काढलेला हंस' म्हणून कितीजणींनी ते मुखपृष्ठ चौकटीत बसवून देवघरात लावलं. मी शाल घेतली. ती कपाटात आहे, अजून घडी मोडलेली नाही.

मग कुणा पक्षीप्रेमीनं ते चित्र बघून कचेरीत तक्रार केली, की राखणदारच कापड फडकावून पक्षी उडवतो आणि फोटोवाल्यांना मदत करतो, हा घ्या पुरावा. गावकऱ्यांचीही तक्रार होती, की एरीवर फटाका वाजला, कुणी वाजवला ते शोधा. कचेरीला एक माणूस हवा होता, आणि चित्रात एकच माणूस होता.

चौकशीला मलाही बोलावलं, फोटो काढणारी म्हणून. अप्पा बरोबर आले. टेबलावर ते कॅलेंडर होतं, बाजूला सिंगारमची मोजणीची वही. अधिकारी वाईट माणूस नव्हता, एवढं लिहून ठेवते. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं सिंगारमला विचारलं, "पंचा कशाला फडकावलास?"

"फडकावला नाही सार. धरला. थांबा म्हणून."

"कुणाला?"

सिंगारमनं माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "फटाका लावणाऱ्याला."

"चित्रात तर कुणी नाही. आणि थांबवायचं होतं तर ओरडायचं ना! तुझं तोंड मिटलेलं दिसतंय इथं."

"सार, एरीवर ओरडत नाहीत."

कारकून हसला. अधिकारी हसला नाही, पण त्यानं ते लिहूनही घेतलं नाही. ज्या गावाच्या रिवाजावर ते अभयारण्य टिकलं होतं, तो रिवाज कचेरीच्या कागदावर मावला नाही. आणि फोटोत ताणून धरलेला पंचा आणि फडकावलेला पंचा सारखाच दिसतो. वारा होता, पंचा फुगला होता. मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "तू तिथं होतीस अम्मा. तू काय पाहिलंस?"

याचं उत्तर आदल्या दिवशी घरात ठरलं होतं. जेवताना. पानात पिठलं होतं, मला अजून पिठलं गिळवत नाही. काका म्हणाला, "मूळ फोटो पुसून टाकला असं सांग." अप्पा म्हणाले, "खोटं सांगायची गरज नाही. ती कॅमेऱ्यात बघत होती. कॅमेऱ्यात बघणाऱ्याला आजूबाजूचं दिसत नाही, एवढंच सांगायचं." गणिताचा मास्तर! उत्तर कसं बसवायचं ते त्यांना बरोबर ठाऊक. काकूला तिच्या मुलीची काळजी, म्हणाली, "आपल्या जयाचं लग्न ठरलंय. त्याचा काय, हंगामी माणूस, तो दुसरीकडे लागेल." आईनं मला आणखी पिठलं वाढलं. आईचं ते वाढणं मी बरीच वर्षं माया म्हणून आठवलं. आता तसं आठवत नाही.

मी अधिकाऱ्याला सांगितलं, "मी कॅमेऱ्यात बघत होते सार. मला बाकी काही दिसलं नाही."

सिंगारमनं तेव्हा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. बांधावर नवख्या माणसाकडे बघायचा तसं, याला अजून खूण कळत नाही, असं. मग त्यानं टेबलावरची वही मागितली. कचेरीची आहे, मिळणार नाही, म्हणाले. एकोणीस वर्षांच्या मोजणीतली शेवटची वही. त्याला पत्रसुद्धा दिलं नाही. हंगामी माणसाला काढायला पत्र लागत नाही, दुसऱ्या दिवशी 'येऊ नको' म्हटलं की झालं. आणि त्याच्या गावानं, ज्यांनी तो आवाज ऐकला होता, त्यांनीही ते कॅलेंडर पाहिलं होतं. पुढची दोन वर्षं गावात कुणी त्याच्या दंडावरच्या पंच्याला ओ दिली नाही. त्याची बायको वळ्ळी मला नंतर म्हणाली, "तो पंचा धरायचा, लोक चालत राहायचे." मग त्यानं गाव सोडलं.

मूळ फोटो पुसलेला नव्हता. कार्ड मी कॅमेऱ्यातून काढून आईच्या मेथीच्या डब्यात तळाशी ठेवलं होतं. भ्याडांची हीच रीत असते, खरं टाकायचं नाही आणि वापरायचंही नाही. ते कार्ड त्या डब्यात दहा वर्षं होतं. मी या दहा वर्षांत पाण्यासाठी मोर्चे काढले, वाळूसाठी पत्रकं लिहिली, दुसऱ्यांवरच्या अन्यायावर घसा ताणून बोलले. लोक मला धीट म्हणतात. मेथीचा डबा त्यांनी पाहिलेला नाही.

गेल्या वर्षी काका गेला. तो जाईपर्यंत मी थांबले, हेही लिहून ठेवा. कार्ड काढलं, मेथीच्या वासाचं, आणि ते चाललं. पूर्ण फोटो पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर पाहिला. काकाची पाठ, उदबत्तीचं लाल टोक, धूर, सगळं आहे. फोटो घेऊन कचेरीत गेले. नवा अधिकारी म्हणाला, जुनं प्रकरण आहे, माणूस हंगामी होता, त्याची फाइलच नाही, मग उघडायचं काय? मी तिथूनच पत्रक लिहायला घेतलं. कचेरी हलली नाही.

सिंगारम मला तिरुवैयारुच्या रस्त्यावर लग्नाच्या एका कल्याणमंडपात सापडला. फाटकावर. निळा गणवेश, डोक्यावर टोपी, आणि गळ्यात शिट्टी. आत नादस्वर वाजत होता, बाहेर गाड्या, आणि तो शिट्टी वाजवून गाड्या वळवत होता. ज्या माणसानं एकोणीस वर्षं आवाज होऊ दिला नाही, त्याला हे काम. माझ्याकडे बघून म्हणाला, "पाप्पा, बारीक झालीस. दहीभात खात नाहीस?" मी फोन पुढे केला, पूर्ण फोटो उघडून. म्हटलं, "अण्णा, हा बघ, यात सगळं आहे. माझी चूक झाली." त्यानं फोन हातात घेतला, बोटांनी चित्र मोठं केलं. काकाच्या पाठीवरून बोट सरकलं, स्वतःच्या पंच्यावरूनही सरकलं, थांबलं नाही. वर आकाशात गेलं, आणि त्याचे ओठ हलायला लागले. मोजत होता. मागून एक गाडी हॉर्न देत राहिली. त्यानं शिट्टी वाजवली नाही. शेवटी म्हणाला, "एकशे बारा. कडेला दोन-तीन कापले गेले असतील. त्या दिवशी चाळिसावर होतो, तेवढ्यात..." आणि फोन परत दिला. मला माफ केलं की नाही, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तो गोड शेवट मला नको आहे, तुम्हीही मागू नका.

त्यानं एकच गोष्ट मागितली. म्हणाला, "गावाला कळायला पाहिजे, मी पंचा हलवला नव्हता."

म्हणून आता तुमच्याकडे येते. तो अर्धा फोटो तुमच्या घरी आहे. तंजावुरातल्या आपल्या घरांतल्या किती देवघरांत तो आहे, ते मी स्वतः पाहिलंय. पुण्या-मुंबईकडे तो सकाळच्या शुभेच्छांच्या मेसेजमधून अजून फिरतो. तो भिंतीवरून काढा. आज काढा, सणाची वाट बघू नका. उलटा करा आणि पाठीवर तुमच्या हातानं, येईल त्या भाषेत लिहा: 'हा माणूस पक्षी उडवत नव्हता, उडवणाऱ्याला थांबवत होता.' खाली स्वतःचं पूर्ण नाव घाला. चौकटीसकट माझ्याकडे द्या. ऐप्पसीत पहिला थवा उतरेल त्या शनिवारी मी त्या सगळ्या चौकटी घेऊन एरीच्या बांधावर उभी राहणार आहे, पाठीकडची बाजू गावाकडे करून. सिंगारम येणार आहे. तुम्हीही या. आणि बांधावर पोचलात, समोर त्यानं पंचा धरलेला दिसला, तर आहात तिथं थांबा.